पगार हजारानं वाढला आणि घर अठ्ठावीस हजारांनी गरीब झालं

परवा आयुष्मान कार्डाच्या शिबिरांवर चार ओळी लिहिल्या, तर खाली एका मित्राची कमेंट आली, "भावा, पाच लाख फुकट मिळालेत, तुझ्या पोटात का दुखतंय?" बऱ्याच जणांनी ती लाईकही केली. म्हणून आज सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा, पण आकडे गाळू नका. सगळी भानगड आकड्यांतच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुन्हा तोच वाद नको. ही योजना कुचकामी आहे असं माझं म्हणणं नाही. बायपास, अँजिओप्लास्टी, केमो, डायलिसिस यासाठी तिचा उपयोग झालेली माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. शेत विकायची पाळी टळलेली घरं आहेत. आणि ती कुठल्या एका पक्षाची मालमत्ताही नाही. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर गेली, २०१७ मध्ये नाव बदलून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत आली, मग दोन्ही जोडल्या. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना पाच लाखांपर्यंतचं कवच. फ्लेक्सवर फोटो कुणाचाही असो, पैसा आपल्या करातला आहे.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. आजारपण घराला दोन्हीकडून धरतं. एकीकडून खर्च वाढतो आणि दुसरीकडून कमाई थांबते. सरकारनं या दोन्हीतला फक्त एक तुकडा उचललाय, दवाखान्यात ॲडमिट झाल्यावरचं बिल. तेवढ्यालाच "आरोग्य सुरक्षा" असं नाव देऊन अर्थसंकल्पात टाळ्या मिळवल्या जातात. बाकी सगळं तुमच्या-माझ्या खिशावर.

एक घर घेऊ. नाव नको, कारण अशी घरं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसीच्या आसपास गल्लीगल्लीत आहेत. कमावणारा एक. वय अडतीस. पगार २०,८०० रुपये. घरात बायको, दोन पोरं, अडुसष्ट वर्षांचे वडील, त्रेसष्ट वर्षांची आई. वडिलांना बीपी, आईला शुगर आणि बीपी दोन्ही. गोळ्या, तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी, डॉक्टरांची फी, मधेच पोरांचा ताप-खोकला. सगळं मिळून महिन्याला सरासरी २,००० रुपये धरतो. हा आकडा मी धरलाय, तुम्ही तुमच्या घरचा घाला. कित्येकांचा यापेक्षा जास्तच निघेल.

आता बघा. २०,८०० पगारावर या माणसाला ईएसआय लागू आहे. त्याच्या पगारातून पाऊण टक्का म्हणजे १५६ रुपये जातात, मालक सव्वातीन टक्के भरतो. त्या बदल्यात त्याला, बायकोला, पोरांना आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांना ओपीडी आहे, गोळ्या आहेत, तपासण्या आहेत, ॲडमिट व्हायची सोय आहे. (ईएसआयच्या दवाखान्यात गोळ्या शिल्लक असतात का, हा वेगळा विषय. त्यावर लिहायला बसलो तर आणखी एक पोस्ट होईल.) आणि वर्षाचं उत्पन्न २ लाख ४९ हजार ६०० असल्यामुळे अडीच लाखांच्या मर्यादेत बसून बायकोला लाडकी बहीणचे १,५०० मिळतात. वर्षाचे १८,०००.

दिवाळीनंतर मालकानं हजार रुपये वाढवले. पगार झाला २१,८००. घरात पेढे आले.

ईएसआयची मर्यादा २१,००० आहे. म्हणजे चालू सहामाही संपली की तो बाहेर. लाडकी बहीणची मर्यादा अडीच लाख आहे. त्याचं नवं उत्पन्न २ लाख ६१ हजार ६००. नियमानं बायकोही बाहेर. वर्षाला पगार वाढला १२,००० आणि ईएसआयची कपात वाचली १,८७२. गेले काय? लाडकी बहीणचे १८,००० आणि औषधपाण्याचे २४,०००, जे आता मेडिकलवाल्याला रोख द्यायचे. वजाबाकी करा. हे घर पगारवाढीनंतर वर्षाला २८,१२८ रुपयांनी गरीब झालं.

कुणी म्हणेल, केशरी कार्ड असेल तर लाडकी बहीणसाठी उत्पन्नाचा दाखला कुठे मागतात? बरोबर, नाही मागत. पण आता ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही जोडायला लावलाय, तो काही शोभेसाठी नाही. शिवाय नियम मोडला तरच घर चालतं असं असेल तर तो नियम कुणासाठी केलाय, हाही प्रश्न आहेच. एमआयडीसीत तर "पगार कागदावर २१ च्या आतच दाखवा, बाकीचं भत्त्यात टाका" असं कामगारच सांगतात हे ऐकायला मिळतं. पगार कमी दाखवा म्हणून माणूस विनंती करतो! यावरून समजा काय ते.

आणि या वाढीव पगाराच्या घराला पाच लाखांचं कार्ड आहे की! आहेच. फक्त त्या महिन्याच्या २,००० रुपयांतला एक रुपयाही ते कार्ड देत नाही. कारण योजना चालते ती ॲडमिट झाल्यावर. आयुष्मानमध्ये भरती होण्याआधीचे तीन दिवस आणि डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस, एवढीच औषधांची सोय. बीपीची गोळी मात्र मरेपर्यंत घ्यायची असते.

मग घरात काय होतं? महिनाअखेरीला गोळ्या संपतात. "आता बरं वाटतंय, पगार झाल्यावर आणू." एक दिवसाआड एक गोळी सुरू होते. आई तर स्वतःची गोळी मोडून अर्धी घेते आणि कुणाला सांगत नाही. दोन-चार वर्षांनी एके दिवशी तोंड वाकडं होतं, एक हात उचलत नाही. तेव्हा मात्र योजना धावून येते, आरोग्यमित्र फॉर्म भरून घेतो, फोटो निघतो. शुगरच्या पेशंटचं मूत्रपिंड गेलं की डायलिसिस योजनेत बसतं. काही रुपयांच्या गोळीला बजेट नाही, लाखाच्या उपचाराला आहे. याला मी बचत म्हणू की उधळपट्टी?

डायलिसिसवरच थोडं थांबू, कारण कमाईचा मुद्दा तिथं स्वच्छ दिसतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा जायचं. मशीनवरचे चार तास, येण्याजाण्याचे वेगळे. गावातून यायचं तर दिवस गेला. सोबत एक माणूस लागतो, त्याचाही दिवस गेला. महिन्याला दहा-बारा दिवस दोन माणसांची मजुरी बुडाली. डायलिसिस फुकट झालं हे खरं, पण घर तरीही कर्जात जातं आणि शेजारी म्हणतात, "योजनेतून होतंय न्हवं, मग कशाला कर्ज काढलं?"

ही गोष्ट कुणाला सुचलीच नाही असं नाही. ऐंशी वर्षांपूर्वी सुचली होती. १९४४ मध्ये प्रा. बी. पी. अडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. पुढे १९४८ मध्ये ईएसआयचा कायदा झाला. त्या कायद्यात औषधोपचार तर आहेतच, पण आजारी कामगाराला वर्षातले ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयरोग, कॅन्सरसारखा लांबणारा आजार असेल तर ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. म्हणजे आजारी माणूस घरी पडून असला तरी चूल पेटली पाहिजे, हा विचार देश नुकता स्वतंत्र झाला तेव्हा, तिजोरीत खडखडाट असताना झाला होता. आज आपण जगातली मोठी अर्थव्यवस्था म्हणून मिरवतो आणि तीच मर्यादा जानेवारी २०१७ पासून २१,००० वर खिळवून ठेवलीय. त्याआधी २०१० पासून १५,००० होती. महागाईनं पगार वाढत जातात आणि मर्यादा जागची हलत नाही, म्हणजे एकही घोषणा न करता, एकाही माणसाचं नाव न कापता, दरवर्षी लोक आपोआप योजनेबाहेर ढकलले जातात. मोर्चा काढायचा तरी कशाविरुद्ध?

उत्पन्नाच्या मर्यादांचा तर आपल्याकडे बाजार मांडलाय. हेच घर घ्या. रेशनकार्डाचे रंग १९९९ साली ठरले, तेव्हा एक लाखावर उत्पन्न म्हणजे पांढरं कार्ड. त्या हिशोबानं हे घर सुखवस्तू. लाडकी बहीणच्या अडीच लाखांनी बघितलं तर नुकतंच श्रीमंत झालेलं. धर्मादाय रुग्णालयात गेलात तर १ लाख ८० हजारांपर्यंत निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल, म्हणजे तिथं हे घर फुकटात नाही, सवलतीत बसतं. आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाला आठ लाखांपर्यंत चालतं, तिथं ते अगदीच गरीब. इन्कम टॅक्सवाले म्हणतात बारा लाखांपर्यंत करच नको, म्हणजे त्यांच्या लेखी हे घर करदातासुद्धा नाही. आणि आयुष्मानची केंद्राची मूळ यादी आली २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून, तेव्हा या माणसाचं लग्नही झालं नसेल. एकाच छपराखालची सहा माणसं, एकाच वेळी सुखवस्तू, श्रीमंत, दुर्बल, गरीब. तलाठ्याकडून एकच दाखला आणायचा आणि प्रत्येक खिडकीवर त्याचा अर्थ वेगळा.

आता बजेटकडे. केंद्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटींचा. त्यात आरोग्य मंत्रालयाला साधारण ९९ हजार ८५९ कोटी. शंभरातले दोन रुपयेसुद्धा पुरते नाहीत. आयुष्मानच्या विम्यासाठी ९,४०६ कोटी. लाभार्थी कुटुंबं ढोबळमानानं बारा कोटी. भागा. केंद्राकडून कुटुंबामागे वर्षाला सुमारे ७८४ रुपये येतात. राज्याचा ४० टक्के वाटा धरला तर १,३०० च्या आसपास. महिन्याला एकशे नऊ रुपये.

लगेच कुणीतरी सांगायला येईल की विमा असाच चालतो, सगळे एकदम आजारी पडत नाहीत. ते मलाही कळतं. माझा मुद्दा असा की "पाच लाख" ही तरतूद नाहीच, ती वरची मर्यादा आहे. मर्यादा वाढवायला फार पैसे लागत नाहीत, कारण तिथपर्यंत पोचणारे थोडे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत खासगी दवाखान्यात एकदा भरती होण्याचा सरासरी खर्च ग्रामीण भागात २७,३४७ रुपये आणि शहरात ३८,८२२ रुपये निघाला होता. सरकारी दवाखान्यात ग्रामीण भागात ४,२९०. महागाई धरून दुप्पट करा, तरी बहुतेकांची बिलं जुन्या दीड लाखातच बसत होती. ज्यांना खरंच मोठ्या ऑपरेशनला दीड लाख पुरत नव्हते त्यांना वाढीचा उपयोग झाला, नाही म्हणत नाही. पण बाकीच्यांची अडचण मर्यादेची नव्हतीच. "हा आजार पॅकेजमध्ये बसत नाही", "आमचं हॉस्पिटल योजनेत नाही", "आहे, पण त्या विभागाला नाही", "बेड शिल्लक नाही, रोख भरणार असाल तर बघतो", ही खरी अडचण. ती सोडवायला पैसे लागतात, तपासणी लागते, दर वेळेवर चुकते करावे लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणात थकलेल्या बिलांवरून खासगी डॉक्टरांनी आयुष्मानचे उपचारच थांबवले होते. कार्ड लोकांच्या हातात होतं, मर्यादा पाच लाखच होती.

आणि हिशोब किती नीट ठेवतात तेही बघा. कॅगनं २०२३ मध्ये आयुष्मानचं ऑडिट केलं, त्यात साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाईल नंबरला जोडलेले सापडले. दहाच्या दहा नव्वे. आपल्याकडे रेशनकार्डावर एका अक्षराची चूक असली तर म्हातारीला तीन हेलपाटे घालायला लावतात.

सरकारची बाजू मांडणारे एक आकडा नेहमी पुढे करतात, आणि तो खरा आहे, म्हणून टाळत नाही. देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांतला आकडा आहे. भारी वाटतो. पण तीन गोष्टी त्याच्यासोबत सांगत नाहीत. टक्का उतरला तरी रुपये वाढलेत, २ लाख ९१ हजार कोटींवरून ३ लाख ५६ हजार कोटी. महागाई वजा केली तर वाढ उरत नाही, हेही मान्य. दुसरं, २०२१-२२ हे कोविडचं वर्ष, लसीकरणामुळे सरकारी खर्च फुगलेला. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. या लेख्यांमधला खिशातला खर्च मुख्यतः २०१७-१८ च्या त्याच नमुना पाहणीवर बेतून पुढे मोजलेला आहे. ती पाहणी जून २०१८ ला संपली. आयुष्मान सुरू झाली २३ सप्टेंबर २०१८ ला. म्हणजे ज्या मोजपट्टीनं आयुष्मानचं यश सांगतात, ती मोजपट्टी आयुष्मानच्या आधीची आहे. पेपरच्या आधीच निकाल!

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं, २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू. त्यातला दोन तृतीयांश किंवा जास्त प्राथमिक आरोग्यावर. राज्यांनी आपल्या बजेटच्या आठ टक्क्यांहून जास्त २०२० पर्यंत द्यावेत. कोविडच्या त्या फुगलेल्या वर्षातही केंद्र आणि राज्यं मिळून आकडा गेला १.८४ टक्क्यांपर्यंत. आणि आपण भरतो त्या ४ टक्के सेसचं नाव "आरोग्य आणि शिक्षण" आहे. २०१८ च्या बजेटमध्ये आरोग्याच्या नावावर एक टक्का वाढवला. सेस असल्यामुळे तो राज्यांत वाटला जात नाही, आणि दवाखाने चालवायचे राज्यांनी.

सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी काढला. चांगलं केलं, उशिरा केलं. पण पंचवीस हजारांची पॉलिसी घेऊ शकणाऱ्याचे साडेचार हजार वाचणार. आपल्या वरच्या घराला पॉलिसीच परवडत नाही, त्याचं काय वाचलं? इन्कम टॅक्समधली ८० डीची सूटही तशीच. २५,००० ची मर्यादा २०१५ पासून तीच आहे, आणि नव्या कररचनेत ती सूटच नाही. म्हणजे एका हातानं "विमा घ्या, विमा घ्या" आणि दुसऱ्या हातानं त्याची वजावट काढून घेतली. सत्तरीच्या वरच्यांना उत्पन्नाची अट न घालता पाच लाखांचं कवच ऑक्टोबर २०२४ पासून दिलं, तेही चांगलं. पण आपल्या घरातले वडील अडुसष्टचे आहेत, आणि त्यांनाही लागतात त्या गोळ्याच.

गोळ्या फुकट देणं अशक्य आहे का? तमिळनाडूनं १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं आणि सरकारी दवाखान्यांत औषध पोचवायची व्यवस्था बसवली. राजस्थाननं २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषध योजना सुरू केली. राजस्थान काही आपल्यापेक्षा श्रीमंत राज्य नाही. आपल्याकडे खरेदी आधी हाफकिनकडे दिली, ते जमेना म्हणून २०२३ मध्ये कायदा करून वेगळं प्राधिकरण काढलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत केलं. निर्णय उत्तम. पण तो आरोग्य विभागापुरता. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं त्यात धरली नाहीत. आपलं सीपीआर हे मेडिकल कॉलेजचं रुग्णालय. पेशंटला काय माहीत कुठलं दार कुठल्या मंत्र्याचं?

आणि त्यानंतर दीड महिन्यातच नांदेड झालं. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३, शासकीय मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू, त्यातली बारा नवजात बाळं. औषधं बाहेरून आणायला लावली असं नातेवाईक सांगत होते, तुटवडा नव्हता असं सरकार म्हणत होतं. त्या घरांकडे पाच लाखांचं कार्ड असतं तरी काय फरक पडला असता? कार्ड म्हणजे पैसे देण्याचं वचन. डॉक्टर, नर्स, इन्क्युबेटर आणि स्टोअरमधली औषधं आधी असावी लागतात, मग कार्ड.

पैसा नाही, हे उत्तर ठरलेलं आहे. राज्याचं २०२५-२६ चं बजेट ४५ हजार ८९१ कोटींच्या महसुली तुटीचं आहे, मान्य. लाडकी बहीणला ३६ हजार कोटी ठेवलेत, त्यांना हात लावा असं मी म्हणणार नाही, कारण वरच्या हिशोबात तुम्ही बघितलंत, ते पैसे कित्येक घरांत थेट मेडिकल दुकानात जातात. एका योजनेनं दिलं, दुसऱ्या कमतरतेनं काढून घेतलं. पण याच तुटीच्या राज्यानं जून २०२५ मध्ये शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनासाठी २० हजार ७८७ कोटींना मंजुरी दिली. आपल्या जिल्ह्यानं नको-नको म्हणून घसा कोरडा केला, तरी पैसे निघाले. म्हणजे तिजोरीत निघतात. कुठल्या कपाटातून कुणासाठी काढायचे हे ठरवलेलं असतं.

येत्या मार्चमध्ये राज्याचं बजेट आहे, त्याआधी केंद्राचं. मला योजनेची मर्यादा पाचाची दहा लाख झालेली नकोय. बीपी, शुगर, थायरॉइड, दमा, फिट्स यांच्या गोळ्या प्रत्येक प्राथमिक केंद्रात आणि मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत महिनाभराच्या एकदम मिळाव्यात, स्टॉक किती आहे तो दारावर लिहिलेला असावा, आणि बजेटमध्ये त्याची वेगळी ओळ असावी, म्हणजे खर्च झाला की नाही ते विचारता येईल. ईएसआयची मर्यादा वाढवावी आणि महागाईशी बांधून टाकावी, आणि ती ओलांडणाऱ्याला निदान जादा हप्ता भरून आत राहता यावं. योजनेतून डायलिसिस, केमो घेणाऱ्याला बुडालेल्या मजुरीपोटी उपचाराच्या दिवसाला काहीतरी रक्कम मिळावी. ऐंशी वर्षांपूर्वी कारखान्यातल्या कामगारासाठी जे सुचलं, ते आज शेतमजुरासाठी, यंत्रमागवाल्यासाठी, रिक्षावाल्यासाठी सुचायला काय हरकत आहे?

निवडणुका तोंडावर आहेत, गल्लीत कार्डाची शिबिरं पुन्हा लागतील. जरूर जा, कार्ड काढून घ्या, ते तुमच्या हक्काचं आहे. फक्त मंडपात जो कुणी साहेब बसलेला असेल त्याला दोन प्रश्न विचारा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्या वर्षभरात बीपीच्या गोळ्या किती महिने शिल्लक होत्या? आणि ईएसआयच्या २१,००० बद्दल तुम्ही सभागृहात किंवा आपल्या खासदाराकडे कधी तोंड उघडलंय का? काय उत्तर मिळतं ते इथं येऊन लिहा.

आणि ज्या मित्रानं पोटदुखीबद्दल विचारलं, त्यानं आणि बाकी सगळ्यांनी एक करा. घरातल्या मागच्या तीन महिन्यांच्या मेडिकल बिलांची बेरीज करा, तिला तीननं भागा, आणि तो आकडा कमेंटमध्ये टाका. नाव नको, आजार नको, नुसता आकडा. मी सगळे एकत्र करून पुढच्या आठवड्यात आपल्या आमदारांच्या आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या ऑफिसात देणार आहे, पोच घेऊन.